होम थिएटर : निवड, जोडणी आणि आपल्या कारागिरांचे काम

अंधेरी, बोरीवली, घाटकोपर आणि मुलुंड या उपनगरांत जुन्या इमारती पाडून नव्या इमारती बांधण्याचे काम जोरात चालू आहे. नव्या घरात जाणारे कुटुंब दिवाणखान्यात सर्वांत आधी टीव्हीची भिंत ठरवते. त्या एका भिंतीशी चार धंदे जोडलेले असतात : माल विकणारा दुकानदार, टीव्ही युनिट बनवणारा सुतार, तारा टाकणारा वायरमन आणि यंत्रे जोडून देणारा मेकॅनिक. आमच्या वाचकांपैकी अनेकजण या चारपैकी कोणत्या ना कोणत्या धंद्यात आहेत. म्हणून होम थिएटर निवडावे कसे, बसवावे कसे आणि जोडावे कसे, याची माहिती या लेखात देत आहोत.

धंदा कसा बदलला

मुंबईत दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आले, पुढे व्हीसीआर आले आणि १९९१ नंतर केबल घरोघरी पोहोचली. त्या काळात टीव्ही मेकॅनिकला उसंत नव्हती. पिक्चर ट्यूब, लाइन आउटपुट, ट्यूनर असे काही ना काही बिघडत असे आणि लॅमिंग्टन रोडवरून सुटा भाग आणून ते दुरुस्त होत असे. ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मध्यरात्री मुंबईत जुने अ‍ॅनालॉग केबल प्रक्षेपण कायद्याने बंद झाले आणि प्रत्येक टीव्हीला सेट टॉप बॉक्स लागू लागला. दरम्यान सपाट पडद्याचे टीव्ही आले. अशा टीव्हीचे पॅनेल गेले तर दुरुस्तीचा खर्च बहुधा नव्या टीव्हीच्या जवळ जातो. दुरुस्तीचे काम त्यामुळे घटले. विक्रीचा मोठा भागही मोठ्या शोरूमकडे आणि घरपोच विक्रीकडे गेला.

मग छोट्या दुकानदाराकडे आणि कारागिराकडे उरले काय? उरले ते बसवण्याचे आणि जोडण्याचे काम. खोके घरपोच येते, पण त्या खोलीला काय शोभेल, तार कोठून न्यावी, कोणती पिन कोठे लावावी हे खोक्यातून येत नाही. हे काम ज्याला नीट येते त्याला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नाही. मात्र या कामातली चूक भिंतीच्या आत गाडली जाते. ती काढायची तर प्लास्टर फोडावे लागते आणि त्या खर्चावरून सुतार, वायरमन व दुकानदार एकमेकांकडे बोट दाखवतात. मजुरी बुडते, नावही जाते. तेव्हा प्रत्येकाने आपल्या कामाबरोबर दुसऱ्याच्या कामाची तोंडओळख करून घेणे फायद्याचे आहे.

आधी खोली मोजा, मग माल सांगा

गिऱ्हाईक दुकानात आले की पहिला प्रश्न बजेटचा विचारला जातो. आम्ही म्हणू, पहिला प्रश्न खोलीचा विचारावा. उपनगरातील साधारण हॉल १० फूट रुंद आणि १५ फूट लांब असतो. टीव्ही एका लांब भिंतीवर आणि सोफा समोरच्या लांब भिंतीला टेकलेला, अशी मांडणी बहुतेक घरांत दिसते. १० फुटांतून सोफ्याची पाठ आणि टीव्हीची जाडी वजा केली तर डोळ्यापासून पडद्यापर्यंत साधारण ८ फूट उरतात.

टीव्हीच्या आकाराचा सोपा हिशेब असा : पडद्याच्या कर्णाचे इंच गुणिले १.६ केले की बसण्याचे योग्य अंतर इंचांत मिळते. ४३ इंची टीव्हीला सुमारे पावणेसहा फूट, ५५ इंचीला सव्वासात ते साडेसात फूट आणि ६५ इंचीला पावणेनऊ फूट अंतर लागते. म्हणजे वर सांगितलेल्या हॉलमध्ये ५५ इंची टीव्ही बरोबर बसतो. टीव्ही त्याहून मोठा घेतला तर तो दुकानात भव्य दिसेल, पण घरी मान फिरवून पाहावा लागेल.

उंचीबाबत सर्रास चूक होते. शोभेसाठी टीव्ही पाच-सहा फुटांवर टांगतात आणि पाहणाऱ्याची मान दुखते. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण सव्वातीन ते साडेतीन फुटांवर असतात. पडद्याचा मध्य त्याच उंचीवर किंवा थोडा वर असावा. वायरमनने प्लग पॉइंट काढण्यापूर्वी ही उंची सुताराकडून लिहून घ्यावी.

किती स्पीकर घ्यावेत

२.० म्हणजे डावा आणि उजवा असे दोन स्पीकर. २.१ म्हणजे त्यात खोल आवाजाचा सबवूफर वाढवला. ५.१ मध्ये समोर डावा, उजवा आणि मधला, बाजूला किंवा मागे दोन, आणि एक सबवूफर असतो. ५.१.२ म्हटले की त्यात छताकडून आवाज देणारे दोन स्पीकर आणखी धरले जातात. हा डॉल्बी अ‍ॅटमॉसचा प्रकार चित्रपटगृहांत २०१२ मध्ये आणि घरांत २०१४ मध्ये आला.

यातले कोणते चांगले, हे खोलीवर ठरते. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पाच स्पीकर लावले तर दोन नेहमी कोणाच्या तरी डोक्याला लागतील. तेथे दोन चांगले स्पीकर किंवा साउंडबार पुरेसा आहे. हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकलेला असेल तर मागे स्पीकर ठेवायला जागाच नसते. अशा वेळी ते सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या पातळीपेक्षा एक-दोन फूट वर लावावेत. समोरचे दोन स्पीकर पडद्याच्या मध्यापासून २२ ते ३० अंशांवर आणि बाजूचे ९० ते ११० अंशांवर असावेत, ही सर्वमान्य पद्धत आहे. अ‍ॅटमॉसचे वर तोंड असलेले स्पीकर छतावर आवाज आपटून खाली आणतात. त्यांना सपाट आणि कडक छत लागते. पायऱ्यापायऱ्यांची फॉल्स सीलिंग केली असेल तर त्यांचा परिणाम बराच कमी होतो, हे गिऱ्हाइकाला पैसे घेण्याआधी सांगावे.

चित्रपटातील संवाद बहुतांश मधल्या स्पीकरमधून येतात. "गाणी मोठी वाजतात, बोलणे कळत नाही" ही तक्रार सर्वांत जास्त येते. तिचे कारण बहुधा मधल्या स्पीकरमध्ये असते : तो हलका घेतलेला असतो, कपाटात कोंबलेला असतो किंवा त्याची पातळी कमी ठेवलेली असते. पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवून पाहावी. दुसरे कारण खोलीत असते. गुळगुळीत टाइल्स, उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असल्या की आवाज घुमतो. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवा. मागून झणझण ऐकू आली तर आधी जाड पडदे आणि गालिचा सुचवा. महागडे यंत्र विकण्यापेक्षा हा सल्ला गिऱ्हाइकाच्या जास्त लक्षात राहतो.

वॅटचा फसवा आकडा

खोक्यावर "५००० वॅट पीएमपीओ" असे लिहिलेले असायचे, तो जमाना अजून पुरता संपलेला नाही. पीएमपीओ हा क्षणभराच्या कमाल ताकदीचा आकडा असून तो मोजण्याची सर्वांनी मान्य केलेली पद्धतच नाही. विचारावे ते आरएमएस वॅट, म्हणजे सतत मिळणारी ताकद. तीही किती ओहमवर आणि किती स्पीकर एकाच वेळी चालवून मोजली, हे विचारावे.

पडताळणीचा सोपा मार्ग यंत्राच्या मागच्या पाटीवर आहे. तेथे यंत्र किती वॅट वीज घेते ते लिहिलेले असते. हा आकडा अंदाज देणारा असतो, पण जे यंत्र ६० वॅट वीज घेते ते सतत हजार वॅट आवाज देऊ शकत नाही, एवढे साधे गणित कोणालाही पटते.

आणखी एक गोष्ट. ताकद दुप्पट केली तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहापट ताकद लागते. उलट, स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८७ ऐवजी ९० डेसिबल असेल तर निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज मिळतो. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटपेक्षा स्पीकरच्या कागदावरचा हा आकडा आधी वाचावा.

ओहम आणि तार

रिसीव्हरच्या मागे कमीत कमी ओहम लिहिलेले असतात. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की चार ओहम होतात. सहा ओहमच्या रिसीव्हरवर असा भार टाकला तर तो गरम होऊन बंद पडतो, कधी जळतो. "एकाच आउटपुटवर दोन स्पीकर लावा" असा आग्रह गिऱ्हाइकाने धरला तरी हे सांगून नकार द्यावा. मल्टिमीटरवर आठ ओहमचा स्पीकर साधारण सहा ते सात ओहम दाखवतो. तो खराब आहे असे समजू नये.

तारेचा हिशेब असा. एक स्क्वेअर एमएम तांब्याच्या तारेचा अवरोध मीटरला सुमारे ०.०१७५ ओहम असतो. रिसीव्हरपासून स्पीकर १० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन २० मीटर तार धरावी लागते आणि अवरोध ०.३५ ओहम होतो. स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांपेक्षा तो जास्त नसावा. म्हणजे आठ ओहमच्या स्पीकरला ही तार कशीबशी चालते, चार ओहमला चालत नाही. दीड एमएम घेतली तर अवरोध ०.२३ ओहम आणि अडीच एमएम घेतली तर ०.१४ ओहम होतो. भिंतीत तार गाडायची असेल तर आठ ओहमला दीड आणि चार ओहमला अडीच एमएम टाकावी. पुढे गिऱ्हाइकाने स्पीकर बदलले तरी भिंत फोडावी लागणार नाही.

बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्तात मिळते. तिचा अवरोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. चाकूने एक तंतू खरवडून पाहा. आत पांढरी चमक दिसली तर ती मुलाम्याची तार आहे. तिचा भाव तांब्याचा लावू नये आणि देऊही नये.

स्पीकरच्या लाल आणि काळ्या टोकांची अदलाबदल झाली तर एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि खोल आवाज नाहीसा होतो. जुन्या उस्तादांची युक्ती येथे आजही उपयोगी आहे : रिसीव्हरपासून तार सोडवून तिच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. सेलचे धन टोक लाल तारेला लावल्यावर वूफर बाहेर आला तर जोडणी सुलट आहे. तारा भिंतीत गेल्यानंतर कोणती कोणाची हे ओळखण्यासही ही युक्ती कामास येते.

कोणती पिन कोठे

जोडणीच्या पद्धती दोन आहेत. पहिलीत सेट टॉप बॉक्स, प्लेअर वगैरे सर्व यंत्रे रिसीव्हरला जोडायची आणि रिसीव्हरमधून एकच एचडीएमआय केबल टीव्हीला न्यायची. दुसरीत सर्व यंत्रे टीव्हीला जोडायची आणि टीव्हीचा आवाज साउंडबार किंवा रिसीव्हरला परत आणायचा. साउंडबारसाठी दुसरी पद्धत सोयीची, पूर्ण ५.१ संचासाठी पहिली.

दुसऱ्या पद्धतीत टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टवर एआरसी किंवा ईएआरसी लिहिले आहे, त्याच पोर्टला केबल लावावी. दुसऱ्या पोर्टला लावली तर आवाज येणार नाही आणि गिऱ्हाईक साउंडबार खराब म्हणून परत आणेल. टीव्हीच्या मेन्यूमध्ये सीईसी चालू करावे, टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद करावेत आणि डिजिटल आउटपुट पीसीएमवरून बिटस्ट्रीम किंवा पास-थ्रूवर न्यावे. एआरसीवर हे पीसीएमवर राहिले तर पाच स्पीकरच्या संचालाही दोनच स्पीकरचा आवाज मिळतो.

टीव्हीला एआरसी नसेल तर ऑप्टिकल केबल वापरावी. तिच्यातून जुने डॉल्बी डिजिटल ५.१ जाते, अ‍ॅटमॉस जात नाही. ब्लूटूथ गाण्यांसाठी ठीक आहे, पण चित्रपटात आवाज ओठांच्या मागे राहू शकतो.

उपनगरांत अजूनही अनेक घरांत मोठा एचडी टीव्ही सेट टॉप बॉक्सला पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारेने जोडलेला असतो. त्या पिवळ्या तारेतून फार तर ५७६ ओळींचे चित्र जाते, तर मोठा टीव्ही बहुधा १०८० किंवा जास्त ओळींचा असतो. बॉक्स एचडी असेल तर एचडीएमआय केबल लावून बॉक्सच्या मेन्यूत १६:९ आणि १०८० निवडावे. पाच मिनिटांच्या या कामाने चित्र बदलते आणि गिऱ्हाईक नाव काढते.

फोर-के चित्र सेकंदाला ६० फ्रेमने हवे असेल तर १८ गिगाबिटची केबल लागते. साधी तांब्याची केबल एवढ्यासाठी ५ मीटरपर्यंत भरवशाची असते. २०१७ च्या एचडीएमआय २.१ ची ४८ गिगाबिटची केबल ३ मीटरच्या आसपासच ठेवावी. त्याहून लांब न्यायची तर ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय घ्यावी. ही केबल एकाच दिशेने चालते. तिच्या एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले लिहिलेले असते. भिंतीत उलटी टाकली तर पूर्ण केबल वाया जाते.

वायरमन बांधवांसाठी : भिंत आणि पाइप

साच्यात बनवलेली एचडीएमआय पिन सुमारे २० मिलिमीटर रुंद असते. ती पाऊण इंची पाइपमधून जात नाही, एक इंचीत वळणावर अडकते. म्हणून टीव्हीच्या मागून खाली युनिटपर्यंत ४० मिलिमीटरचा पाइप टाकावा. काटकोनी एल्बो न लावता ४५ अंशांचे दोन बेंड लावावेत आणि आत ओढदोरी सोडून ठेवावी. दहा वर्षांनी केबलची जात बदलेल, पाइप तोच राहील. विजेची तार आणि सिग्नलची तार एका पाइपमध्ये कधीही टाकू नये.

झिरी मारण्यापूर्वी भिंत कशाची आहे ते पाहावे. नव्या टॉवरमध्ये अ‍ॅल्युमिनियम साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात. त्या इमारतीचा भार उचलतात, त्यांना झिरी मारणे धोक्याचे आहे आणि सोसायटी ते करू देत नाही. तेथे बाहेरून केसिंग पट्टी लावावी किंवा सुताराकडून पॅनेल पुढे घेऊन त्यामागून तारा न्याव्यात. हलक्या सिपोरेक्स ब्लॉकच्या भिंतीत साधा रॉल प्लग पकडत नाही, त्यासाठी त्या ब्लॉकचे खास अँकर मिळतात. पातळ जिप्सम बोर्डवर टीव्ही टांगायचा तर आत प्लायवूडचा आधार हवा. टीव्हीचे वजन, मागच्या भोकांचे अंतर आणि स्क्रूची जाडी पुस्तिकेत दिलेली असते, त्याप्रमाणेच ब्रॅकेट घ्यावा. टांगल्यावर तो दोन्ही हातांनी खाली ओढून पाहावा. खाली मूल खेळत असते, हे विसरू नये.

प्लास्टर किंवा लॅमिनेट बंद होण्यापूर्वी प्रत्येक केबल यंत्राला जोडून चालवून पाहावी आणि भिंतीचा मोजपट्टीसह फोटो काढून गिऱ्हाइकाला द्यावा. पुढे कोणी खिळा ठोकला तर हा फोटो कामास येतो.

सुतार बांधवांसाठी

५५ इंची टीव्ही सुमारे ४८ इंच रुंद आणि २७ इंच उंच असतो, ६५ इंची सुमारे ५७ बाय ३२ इंच. गिऱ्हाईक पाच-सात वर्षांत मोठा टीव्ही घेते, तेव्हा टीव्हीभोवती चौकट घट्ट करू नये. रिसीव्हर गरम होतो. त्याच्या वर किमान चार इंच मोकळी जागा आणि मागे हवा जायला भोक ठेवावे. कपाटाला लॅमिनेटचे दार लावले तर रिमोट चालणार नाही. काच किंवा जाळी लावावी. स्पीकर कपाटात ठेवायचा असेल तर तो पुढच्या कडेशी आणावा, आत ढकलला तर आवाज डबडबतो. सबवूफरखाली जाड रबरी पॅड द्यावेत, नाहीतर पूर्ण युनिट थरथरते. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला एमडीएफ टेकवू नये, ते फुगते.

अर्थिंग आणि हमिंग

सर्व जोडल्यावर स्पीकरमधून सतत "हं" असा आवाज येऊ लागतो. याचे नेहमीचे कारण म्हणजे केबलवाल्याच्या तारेचे अर्थिंग आणि घराचे अर्थिंग अशा दोन वाटा तयार होतात. केबलवाल्याची तार काढून पाहावी. आवाज थांबला तर त्या तारेवर आयसोलेटर लावावा. सर्व यंत्रे एकाच बोर्डावर घ्यावीत.

काही कारागीर येथे सोपी वाट काढतात आणि प्लगची अर्थिंगची जाड पिन तोडतात. हमिंग थांबते, पण यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर ती हात लावणाऱ्याच्या अंगातून जमिनीत जाते. मुंबईच्या दमट पावसाळ्यात हा धोका वाढतो. असे काम कधीही करू नये, कोणी सांगितले तरी करू नये. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते पाहावे, नसेल तर सुचवावा. मीटर मुलुंडमध्ये महावितरणचे असो, अंधेरी-बोरीवलीत अदानी किंवा टाटाचे असो, मीटरच्या पुढचे वायरिंग परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे.

आखातातून आणलेला माल

कोकणातील आणि उपनगरांतील आपल्या अनेक घरांत आखातातून आणलेली यंत्रे असतात. ती जोडण्यापूर्वी मागची पाटी वाचावी. सौदी अरबस्तानात बरीच वर्षे घरगुती वीज १२७ व्होल्ट, ६० हर्ट्झची होती. "११०-१२७" लिहिलेले यंत्र आपल्या २३० व्होल्टवर लावले तर त्याच क्षणी जळते. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि त्याची क्षमता यंत्राच्या वॅटच्या दीड-दोनपट असावी. केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेला जड ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प्लिफायर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापू शकतो. "१००-२४०, ५०/६०" लिहिलेले असेल तर चिंता नाही.

दुबईच्या मालाचे व्होल्टेज आपल्यासारखेच असते, पण प्लग तीन चपट्या पिनांचा असून त्यात फ्यूज असतो. तो कापून दोन पिनांचा लावला तर अर्थिंग आणि फ्यूज दोन्ही जातात. तीन पिनांचा चांगला प्लगच लावावा. सपाट पडद्याच्या टीव्हीला २६ ऑगस्ट २०१३ पासून प्रवासी सामानाच्या करमाफीतून वगळण्यात आले, हेही येणाऱ्या नातेवाइकांना आधीच कळवलेले बरे.

दुकानदार बांधवांसाठी

टीव्ही, सेट टॉप बॉक्स आणि संगीतसंच यांना बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. मालावर बीआयएसचे चिन्ह आणि "आर" पासून सुरू होणारा क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या मोबाइल अ‍ॅपवर तपासता येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरील टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराची पाटी लावून बसू नये. विनाबिलाचा माल थोडा स्वस्त पडतो, पण गॅरंटीच्या वेळी गिऱ्हाईक तुमच्याच दारात येते.

जुना टीव्ही बदलून घेत असाल तर तो फोडून टाकू नका. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, तेव्हा असा माल नोंदणी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्यावा. जुने चांगले स्पीकर मात्र भंगारात घालू नयेत. दमट हवेत वूफरच्या कडेचा फोम काही वर्षांत झडतो, बाकी स्पीकर धडधाकट असतो. फोमची कडा, कोन आणि कॉइल बदलण्याचे काम ज्याच्या हाताला येते, त्याला आजही काम मिळते. मुलांना हे काम शिकवावे.

शेजाऱ्याचा विचार

ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सबवूफरचा खोल आवाज भिंत आणि स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो. तो कोपऱ्यात ठेवला तर जास्त घुमतो. कोपऱ्यापासून दोन-तीन फूट बाहेर घ्यावा, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवावा आणि रिसीव्हरमधील नाइट मोड गिऱ्हाइकाला दाखवून द्यावा. आजारी माणूस, परीक्षेची मुले आणि रात्रपाळी करून झोपलेला शेजारी यांचा त्रास वाचला तर सोसायटीत पुढचे कामही तुम्हालाच मिळते.

काम सोपवताना

शेवटी, काम पूर्ण झाल्यावर पुढील गोष्टी केल्याशिवाय घराबाहेर पडू नये. प्रत्येक स्पीकर टेस्ट टोनने वेगळा वाजवून पाहावा. स्पीकरची अंतरे आणि पातळी रिसीव्हरमध्ये भरावीत. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावावी. घरातील वडीलधाऱ्या माणसाकडून स्वतः रिमोट चालवून घ्यावा. मालाचे आणि मजुरीचे बिल वेगवेगळे द्यावे, त्यावर तारेची जात आणि लांबी लिहावी.

२०१४ पासून वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो धावते आहे. घाटकोपरचा वायरमन अंधेरीचे काम घेऊ शकतो आणि ओशिवऱ्याचा सुतार घाटकोपरचे. एक दुकानदार, एक सुतार, एक वायरमन आणि एक मेकॅनिक यांनी एकत्र येऊन भावाचा एकच कागद गिऱ्हाइकापुढे ठेवला, तर "हे माझे काम नव्हे" हा वाद राहणार नाही. मोठ्या शोरूमशी भावात टक्कर देणे आपल्याला जमणार नाही. पण खोली मोजून, खरे सांगून आणि भिंत बंद करण्यापूर्वी तपासून केलेले काम त्यांच्या खोक्यात मिळत नाही. ते देण्याची ताकद आपल्या कारागिरांच्या हातात आहे.